परवान्याचं शस्त्र बाळगताना: बिल्ला नको, मग काय हवं?

ऑनलाइन दुकानांत ढालीच्या आकाराचा पितळी बिल्ला मिळतो. मध्ये गरुड, कडेनं इंग्रजी अक्षरं: ‘कन्सील्ड वेपन परमिट’, म्हणजे शस्त्र लपवून बाळगण्याचा परवाना. मूळचा हा अमेरिकेतला माल. तिथेही तो परवान्यासोबत मिळत नाही, खासगी विक्रेते विकतात; पोलिसांपुढे चालतं ते परवान्याचं कार्ड. सातारा-सांगलीत कुणी परवानाधारक असा बिल्ला मागवायच्या विचारात असेल, तर मागवू नका. मागवला असेल तर कमरेला लावू नका आणि पाकिटातही ठेवू नका. त्याची कारणं आधी सांगतो, मग बिल्ल्याऐवजी काय करायचं ते.

बिल्ल्याच्या बाजूनं एकच मुद्दा खरा वजनदार आहे. समजा दरोड्याच्या वेळी तुम्ही शस्त्र काढलंत आणि तेवढ्यात पोलीस पोचले, तर त्यांनी तुम्हाला दरोडेखोर समजू नये. भीती रास्त आहे, पण उपाय चुकीचा. वीस-पंचवीस फुटांवरून, अपुऱ्या उजेडात पोलिसाची नजर आधी हातावर जाते. हातात पिस्तूल दिसतं. कमरेचा तीन इंची बिल्ला दिसत नाही, त्यावरची अक्षरं तर नाहीच नाही. शिवाय शस्त्र झाकण्यासाठी जो शर्ट बाहेर सोडलाय, त्याच शर्टाखाली बिल्लाही झाकलेला असतो. तो दिसावा म्हणून शर्ट वर खोचलात, तर शस्त्र उघडं पडलं.

आणि आपल्याकडे ते उघडं ठेवायची मुभाच नाही. शस्त्र नियम 2016 प्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये (शस्त्राच्या म्यानात) किंवा तशाच पिशवीत न्यायचं, ते पूर्ण झाकलेलं हवं आणि पूर्ण तुमच्या ताब्यात हवं. म्हणजे शस्त्र लपवून बाळगणं हाच इथला नियम. लपवलेल्या वस्तूची बाहेर पाटी लावण्यात काय अर्थ?

दुसरं कारण जास्त गंभीर. ढालीचा बिल्ला आणि कमरेला पिस्तूल पाहिलं की आपल्याकडचा माणूस एकच समजतो: साध्या वेशातले पोलीस. ढाब्यावर पोऱ्या ‘साहेब’ म्हणून पैसे घ्यायला कचरतो, एसटी स्टँडवर कुणी भांडण सोडवायला बोलावतो. तिथे तुम्ही गप्प राहिलात तरी गैरसमजाचा फायदा घेतल्यासारखंच होतं. भारतीय न्याय संहितेचं कलम 205 याच गोष्टीसाठी आहे. लोकसेवकाच्या चिन्हासारखं दिसणारं चिन्ह, लोकांनी आपल्याला तसं समजावं या हेतूनं किंवा ते तसं समजतील हे माहीत असताना वापरलं, तर 3 महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तोतया बनून काही केलंत, तर कलम 204: किमान 6 महिने, कमाल 3 वर्षं कैद, शिवाय दंड. असा गुन्हा दाखल झाला की शस्त्र अधिनियमाच्या कलम 17 खाली परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा प्रस्तावही जाऊ शकतो. दोनशे-तीनशे रुपयांच्या पितळेपायी एवढं कशाला?

बँकेच्या किंवा साखर कारखान्याच्या बंदूकधारी रखवालदाराची गोष्ट वेगळी. त्याचा गणवेश आणि एजन्सीचं फोटो ओळखपत्र हे कामाचा भाग आहे. तिथेही पोलीस किंवा लष्करासारखा दिसणारा गणवेश घालायला 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्यानं मनाई आहे.

आता मुख्य काम: शस्त्र झाकणं. यात सगळ्यात जास्त चुका होल्स्टरमध्ये होतात. ट्रिगरभोवतीचं कडं पूर्ण झाकणारं, त्याच शस्त्राच्या मापाचं होल्स्टर घ्या. ‘सगळ्या पिस्तुलांना बसतं’ असं सांगून विकलं जाणारं कापडी पाऊच घेऊ नका. त्यात ट्रिगरवर कापडाशिवाय काहीच नसतं. चामड्याचं होल्स्टर दोन-तीन वर्षांत तोंडाशी मऊ पडतं. पिस्तूल परत आत सरकवताना ती मऊ घडी आत दुमडते, ट्रिगरवर दाबली जाते आणि गोळी मांडीत. तोंड बोटानं दाबून बघा. दाबल्यावर ते लगेच उघडत नसेल, तर होल्स्टर बदला. शस्त्र आत ठेवताना शर्टाचं टोक डाव्या हातानं पूर्ण बाजूला धरा. कापडही असंच अडकतं. पट्टा दीड इंच रुंद आणि ताठ हवा. रोजच्या ऑफिसच्या मऊ पट्ट्यावर वजन बाहेर झुकतं आणि मूठ शर्टातून टोचलेली दिसते.

पोशाख म्हणून आपला नेहरू शर्ट उत्तम, पण एक माप सैल घ्या. घरातून निघण्याआधी आरशापुढे तीन गोष्टी करून बघा: हात वर करून फळीवरचं काही काढल्यासारखं करा, खुर्चीत बसून उठा आणि वाकून कुणाच्या पाया पडल्यासारखं करा. तिसऱ्या वेळी बहुतेकांचं पितळ उघडं पडतं. शस्त्र उजव्या कुल्ल्याच्या मागे असेल तर वाकताना शर्ट पाठीवर चढतो आणि मूठ बाहेर येते. लग्नसराईत दिवसभरात वीसदा वाकावं लागतं. अशा वेळी शस्त्र घरी लॉकरमध्ये ठेवलेलं बरं, आणि लग्नात ते काढून हवेत बार काढण्याचा विचार तर मनातही नको. शस्त्र अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. दुचाकीवर वाऱ्यानं शर्ट उडतो, तेव्हा वरून चेनचं जाकीट हवंच.

पावसाळ्याचं एक सांगायलाच हवं. पाटण, महाबळेश्वर, शिराळ्याच्या पट्ट्यात चामडं आठवडेच्या आठवडे ओलं राहतं. रात्री शस्त्र होल्स्टरमध्येच ठेवलंत तर नळीच्या बाजूला तांबूस डाग उठतात, आणि चामड्याच्या पट्टीत खोचलेल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवा थर धरतो. असं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतूस बसण्याच्या जागेत, अडकतं. घरी आल्यावर शस्त्र बाहेर काढा, कोरड्या फडक्यानं पुसा, तेलाचा पुसट हात द्या आणि सिलिका जेलच्या पुड्यांसोबत लॉकरमध्ये ठेवा. होल्स्टर वेगळं, हवेशीर जागी टांगा.

ओळख म्हणून सोबत काय हवं? मूळ परवाना, एवढंच. झेरॉक्सवर किंवा मोबाइलमधल्या फोटोवर भिस्त ठेवू नका. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 19 नुसार कोणताही पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो, आणि तो दाखवता आला नाही तर नाव-पत्ता विचारून शस्त्र ताब्यात घेऊ शकतो. परवाना प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून शर्टाच्या वरच्या डाव्या खिशात ठेवा. शस्त्र उजव्या कमरेला असताना परवाना उजव्या मागच्या खिशात ठेवणं ही फार घातक सवय आहे: कागद काढायला गेलेला हात समोरच्याला पिस्तुलाकडे जाताना दिसतो.

आनेवाडी, तासवडे टोलनाक्यांच्या आसपास किंवा अंकली पुलाजवळ रात्री नाकाबंदीत अडवलं, तर क्रम असा ठेवा. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, आतला दिवा लावा, काच खाली घ्या, दोन्ही हात स्टेअरिंगवर दिसतील असे ठेवा. हवालदार जवळ आले की शांतपणे सांगा: “साहेब, माझ्याकडे परवान्याचं शस्त्र आहे. उजव्या कमरेला आहे. परवाना डाव्या वरच्या खिशात आहे, काढू का?” वाक्यात ‘परवाना’ हा शब्द आधी यायला हवा. ‘पिस्तूल आहे’ अशी सुरुवात केलीत तर पुढचं कुणी ऐकणार नाही. आपणहून शस्त्र काढून दाखवू नका. त्यांना नंबर पडताळायचा असेल, तर “तुम्ही सांगाल तसं करतो” म्हणा आणि हात तिथेच ठेवा. अमेरिकेतल्या मिशिगनसारख्या राज्यात अडवल्याबरोबर हे आपणहून सांगणं कायद्यानंच बंधनकारक आहे. तिथेही बिल्ला नव्हे, तोंड आणि कार्डच लागतं.

आणि सुरुवातीची ती भीती, पोलीस येतील तेव्हा काय? त्याचं उत्तर फोनमध्ये आहे. प्रसंग घडला की 112 ला फोन करताना ठिकाणाबरोबर स्वतःचं वर्णन द्या: “निळ्या चौकड्यांचा शर्ट, पांढरी पँट, दुकानाच्या पायरीवर उभा आहे, माझ्याकडे परवान्याचं शस्त्र आहे.” हे वर्णन पोलिसांना आधीच कळलेलं असेल, तर त्याची बरोबरी कुठलाही बिल्ला करू शकत नाही. धोका टळला की शस्त्र होल्स्टरमध्ये घाला, हात रिकामे आणि दिसते ठेवा, पोलीस सांगतील ते निमूट ऐका. त्यांच्याकडे वळताना हातात शस्त्र नको.

काही ठिकाणी शस्त्र न्यायचंच नाही. परवान्याच्या अटींत जत्रा, धार्मिक मिरवणूक, जाहीर जमाव आणि शाळा-कॉलेजचं आवार स्पष्ट वर्ज्य आहे, जिल्हादंडाधिकाऱ्यांची खास परवानगी असल्याशिवाय. म्हणजे मांढरदेवची काळूबाई, पालचा खंडोबा, शिखर शिंगणापूर, तासगावचा रथ, शिराळ्याची नागपंचमी, सगळीकडे नाही. अटीचा भंग म्हणजे शस्त्र अधिनियमाचं कलम 30: 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खालचे बंदी आदेश सणासुदीला आणि आंदोलनांच्या काळात निघत असतात. पेपरातली ती छोटी बातमी वाचायची सवय लावा. कोयना आणि सागरेश्वर अभयारण्यांत किंवा चांदोली राष्ट्रीय उद्यानात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, परवाना असला तरी. अभयारण्याच्या 10 किलोमीटरच्या आत राहत असाल, तर वन्यजीव कायद्याच्या कलम 34 प्रमाणे वनखात्याकडे नाव नोंदवावं लागतं. शेतीसंरक्षणाच्या बंदुका असलेल्या गावांत हे बऱ्याच जणांच्या ध्यानात नसतं.

देवळात जाताना पिस्तूल ड्रायव्हरच्या हवाली करून जाणं ही रोजची चूक. परवान्यावर रिटेनर (मालकाचं शस्त्र बाळगायची मुभा असलेला माणूस) म्हणून त्याचं नाव नसेल, तर त्या क्षणी तो विनापरवाना शस्त्रधारी ठरतो, आणि त्याची शिक्षा किमान 2 वर्षांची आहे. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवणंही नको; काच फोडून चोरी गेलं तर उत्तर तुम्हालाच द्यायचंय. चोरी किंवा गहाळ झाल्याची खबर तत्काळ जवळच्या ठाण्यात द्या.

लोकसभा-विधानसभेच्या मतदानाला कमरेला शस्त्र लावून केंद्राजवळ गेलात, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 134ब खाली 2 वर्षांपर्यंत कैद आहे आणि परवानाही जातो. त्या काळात जिल्ह्याची छाननी समिती कुणाची शस्त्रं जमा करायची ते ठरवते. जमा करायची नोटीस आली तर घरीच शस्त्र रिकामं करा: आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, मगच स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीनं तपासा. क्रम उलटा झाला, तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली नवी गोळी आत जाते आणि तुम्ही निर्धास्त असता. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडर उघडून सगळी भोकं मोजा. काडतुसं वेगळ्या डबीत घ्या, शस्त्र पिशवीत बंद करून ठाण्यात न्या आणि ठाणे अंमलदारांना पोचल्याबरोबर सांगा. जमा पावतीवर शस्त्राचा नंबर, बोअर (नळीचं माप) आणि काडतुसांची संख्या परवान्याशी ताडून घ्या, सही-शिक्का बघा, मगच ठाण्याबाहेर पडा. निकालानंतर शस्त्र परत घेताना ही पावतीच लागते.