मराठवाड्यात रेनबो फिश पाळताय? या चुका टाळा

मे लागला की माझा फोन सुरू होतो. "काका, मासे वर यायलेत, तोंड काढून श्वास घ्यायलेत. कोणतं औषध टाकू?" औषधाचं मी नंतर बघतो. आधी विचारतो, पाणी कुठलं आणि शेवटचं कधी बदललं. पलीकडे जरा शांतता झाली की समजायचं, घोळ तिथेच आहे.

वाईट याचं वाटतं, की रेनबो हा आपल्याकडच्या पाण्याला चालणारा मासा आहे. दुकानात सगळ्यात जास्त दिसणारा बोसमानी रेनबो मूळचा पश्चिम पापुआतल्या अयामारू तलावांचा. तो भाग चुनखडीचा, त्यामुळे तिथलं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, आणि पीएच सातच्या वर, म्हणजे आंबट नसलेलं. आपल्या बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, बादलीच्या कडा खरबरीत होतात, पण या माशाची त्याबद्दल काही तक्रार नसते. मऊ पाण्याचा डिस्कस मासा पाळणाऱ्यांना परभणी-जालन्याच्या पाण्यासाठी जी उठाठेव करावी लागते ती रेनबोला लागतच नाही. तरी लोक ती करतात आणि मासे घालवून बसतात.

पाणी 'सुधारण्याचा' हट्ट

नांदेडचा एक ओळखीचा पोरगा. बँकेत नोकरी, हात सढळ, घाई भारी. चार फुटी टाकी घेतली, चांगले बोटभर लांबीचे बोसमानी आणले. कुठल्याशा व्हिडिओत त्याने ऐकलं होतं, की ट्रॉपिकल माशांना मऊ पाणी लागतं, पीएच साडेसहा हवा. मग काय, घरच्या आरओचं पाणी कॅनमध्ये साठवून अख्खी टाकी त्याने भरली आणि वरून पीएच उतरवायचं द्रावण टाकलं. मी म्हटलं, "अरे, बोअरचं का नाही टाकलं?" तर म्हणे, "काका, ते आपण पीत नाही, माशांना कसं द्यायचं?"

सुरुवातीचे काही आठवडे सगळं छान चाललं. मग मासे पर मिटून कोपऱ्यात उभे राहायला लागले, खाणं तसंच तळाला पडायला लागलं. त्याने टेस्ट किटच्या नळीचा फोटो पाठवला. द्रावण पिवळंधमक. म्हणजे पीएच सहावर किंवा त्याच्याही खाली.

होतं काय, की पाण्याचा पीएच सावरून धरायचं काम त्यातले कार्बोनेट क्षार करतात आणि आरओ नेमके तेच काढून टाकतो. माशांची घाण आणि ती पचवणारे जिवाणू मिळून पाणी सतत आंबट करत असतात. सावरणारे क्षारच नसतील तर पीएच घसरतच जातो. सहाच्या आसपास आला की फिल्टरमधले जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साचायला लागतो. पण आंबट पाण्यात तो बहुतेक अमोनियम या रूपात असतो, आणि ते फारसं मारक नसतं. म्हणून पोराचे मासे मलूल होते, पण जिवंत होते.

फोनवर मी त्याला दोनदा बजावलं. आधी दोन-तीन दिवस आरओच्याच पाण्याने थोडं थोडं पाणी बदल, साचलेलं निघून जाऊ दे. मग रोज एक बादली बोअरचं, त्याच्या वर नाही. "हाव काका," म्हणाला आणि त्याच संध्याकाळी मोटर चालू करून, पाइप लावून अर्धी टाकी बोअरच्या पाण्याने भरली. पीएच सहावरून एकदम आठाकडे गेला आणि साचलेल्या अमोनियमचा अमोनिया झाला. पीएच ७ ला, २५ अंश तापमानात, विषारी अमोनियाचा वाटा जेमतेम अर्धा टक्का असतो. पीएच ८ ला तो ५ टक्क्यांच्या आसपास जातो, आणि पाणी गरम असेल तर आणखी वर. सकाळी चार मासे तरंगत होते. उरलेल्यांचे कल्ले लालभडक, आणि नळीतलं द्रावण निळं.

"पण पाणी तर चांगलंच टाकलं होतं ना काका?"

"चांगलंच टाकलंस. एकदम टाकलंस."

माझी पद्धत साधी आहे. बोअरचं पाणी झाकण नसलेल्या ड्रममध्ये आदल्या दिवशी भरून ठेवायचं, त्यात एअर स्टोन, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणारा दगड, सोडायचा. जमिनीखालून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. रात्रभर हवा लागली की पीएच जागेवर येतो. मग आठवड्याला पाव टाकी बदलायची. मी सहसा रविवारी सकाळी बदलतो आणि निघालेलं पाणी कुंड्यांना जातं. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात दर आठवड्याला अख्खी टाकी धुऊन गटारात ओतणाऱ्यांना काय म्हणावं! माशांनाही ते मानवत नाही.

टँकरचं किंवा नळाचं पाणी असेल तर आधी वास घ्या. टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) वास येत असेल तर चोवीस तास उघडं ठेवा, नाहीतर क्लोरीन मारणारे हायपोचे खडे वापरा, मापानेच. ज्या गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथे लोक नळ आला की टाकीत सरळ पाइप सोडतात. तेवढं करू नका. तुमचं बोअर शेताला लागून असेल आणि शेताला खतं भरपूर पडत असतील, तर नायट्रेटची एक टेस्ट करून घ्या. जड पाणी रेनबोला चालतं, पण नायट्रेटने भरलेलं चालत नाही.

दुकानातून आल्यावर रंग कुठे गेला?

रंग गेला नाही, अजून आलेलाच नाही. दीड-दोन इंचाचं बोसमानी म्हणजे चंदेरी, साधा मासा. पुढचं अंग निळसर-राखाडी, मागचं नारिंगी, हा थाट नरावर चढायला कित्येक महिने लागतात, काहींना वर्षही. हे सांगितलं की लोकांचे चेहरे पडतात आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच टाकीत फ्लॉवरहॉर्नसारखा भडक मासा आलेला असतो. ज्याला आज आणून आजच रंग बघायचाय त्याने रेनबोच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी खोड म्हणजे रंगीत दिसतात म्हणून सगळे नरच उचलायचे. नर रंग दाखवतो तो मादीसाठी. मादी नसेल तर तो तरी कुणासाठी नटणार? निदान सहा मासे घ्या, त्यात माद्या निम्म्या किंवा जास्त. दोन-तीनच ठेवले तर दबकून राहतात. बघायचे तर सकाळी बघा. टाकीवर उजेड पडल्यावर पहिला तासभर नर एकमेकांना आडवे जातात, पर ताणून धरतात आणि डोक्यापासून पाठीपर्यंत एक झळाळता पट्टा चालू-बंद होत राहतो. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून टाकीकडे बघणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही.

मोठा बोसमानी दहा सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि दिवसभर पोहत असतो, म्हणून त्याला चार फुटी टाकी. जागा कमी असेल तर प्रीकॉक्स जातीचा रेनबो घ्या. तो लहान राहतो, तीन फुटात सुखाने नांदतो.

आज टाकी, उद्या मासे

यावर बोलून बोलून घसा बसला. फिल्टरमध्ये जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. 'इन्स्टंट' म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांवर माझा भरवसा नाही. ज्याची टाकी जुनी आणि निरोगी आहे अशा माणसाकडून वापरातल्या स्पंजचा तुकडा मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये कोंबा. बाटलीपेक्षा तो तुकडा कामाचा.

उन्हाळा

पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. आणि नेमक्या त्याच दिवसांत लाईट जाते. त्यात काही लोक बिल वाचवायला रात्री फिल्टर बंद करतात. जेवढी वीज वाचते तेवढ्यात एक मासाही येत नाही. बंद फिल्टरमधले जिवाणू गुदमरतात आणि सकाळी चालू केला की सडका गाळ टाकीत येतो. इन्व्हर्टरवर टीव्हीऐवजी एअर पंप लावा. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा पंप मिळतो.

पत्र्याच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या भिंतीला टाकी ठेवूच नका. पाणी ३१-३२ च्या वर जायला लागलं की मी झाकणाऐवजी जाळी टाकतो आणि पाण्यावरून टेबल फॅनचं वारं सोडतो. आपली हवा कोरडी, त्यामुळे दोन-तीन अंश सहज उतरतात. बर्फाचे खडे टाकणाऱ्यांनी मात्र मला फोन करू नये.

फॅन लावला की पाणी भराभर आटतं, आणि इथे जाणत्यांचीही फसगत होते. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. रोज वरून बोअरचं टाकत राहिलात तर महिनाभरात टाकीतलं पाणी बोअरच्याहून कितीतरी जड झालेलं असतं. आटलेल्या पाण्याची भर घालायला आरओचं पाणी वापरा. आरओचा खरा उपयोग इथे आहे, आणि नेमका इथे तो कुणी करत नाही. टर्क्वॉइज रेनबोवाल्यांनी जास्त जपावं, तो न्यू गिनीच्या डोंगरातल्या कुटुबू तलावाचा, त्याला आपला मे सोसत नाही.

थंडीत याच्या उलट. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली येतो, तेव्हा हीटर लागतोच. २४ ला लावून विसरून जा.

बाकीच्या, थोडक्यात

झाकण किंवा जाळी नसेल तर रेनबो उडी मारणार. सकाळी टीपॉयखाली वाळलेला सापडतो.

गोल्डफिशबरोबर ठेवू नका. गोल्डफिश घाण फार करतो आणि त्याला थंड पाणी लागतं.

तोंड मोठं दिसलं तरी घसा अरुंद असतो, बारीक दाणाच घाला. खादाड मासा आहे, कितीही टाकलं तरी मागतो, म्हणून आमच्या टाकीत सोमवारचा उपास असतो.

'आधीच टाकून ठेवलं' म्हणत मेथिलिन ब्लू हे निळं औषध ओतू नका. फिल्टरचे जिवाणू मरतात आणि टाकीचा सिलिकॉन कायमचा निळा होतो. मासा खंगत चालला, पोट खपाटीला गेलं, पाठ वाकली, तर माशांच्या टीबीचा संशय घ्या. घरगुती इलाज नाही. त्याला वेगळा काढा आणि हाताला कापलेलं असताना टाकीत हात घालू नका, कातडीला ते जिवाणू लागू शकतात.

चेन्नईच्या कोळत्तूरहून पार्सल आलं असेल तर पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरलेला असतो. पिशवी उघडली की तो चढायला लागतो आणि नांदेडच्या टाकीत झालं तेच पिशवीत होतं. बंद पिशवी वीस मिनिटं तरंगवा, उघडा, मासे जाळीने उचलून टाकीत, पिशवीतलं पाणी मोरीत.

आणि बोसमानी, टर्क्वॉइज असे वेगवेगळे रेनबो एका टाकीत ठेवलेत तर ते आपापसात जुळतात. जावा मॉस या पाणशेवाळात अंडी दिसली म्हणून हरखून जाऊ नका. ही मिश्र पिल्लं मोठी होऊन बहुधा फिकी निघतात. घरी ठेवा, पण विकू नका आणि मित्रांत वाटूही नका, कारण घेणारा ती पुढे बोसमानी म्हणूनच खपवतो.