अ‍ॅडव्हेंचर रेस आणि सरावाला वेळ कमी? या चुका टाळा

नोकरी, घर, मुलांच्या शाळा सांभाळून आठवड्याला जेमतेम पाच-सहा तास हाती लागतात आणि रेस दोन महिन्यांवर आलेली असते. मग नागपुरातले बहुतेक जण फुटाळा तलावाच्या काठाने रोज पळायला लागतात. पहिली चूक तिथेच होते. या रेसमध्ये पळणं, सायकल, होडी आणि नकाशावरून वाट शोधणं एकामागून एक येतं. नुसत्या पळण्याने त्यातलं एकच अंग तयार होतं.

त्यापेक्षा मधल्या वारी दोनदा छोटा पण जोराचा सराव करा आणि रविवारची सकाळ राखून ठेवा. काटोल रोडने दीड तास सायकल, उतरल्या उतरल्या बूट बदलून सेमिनरी हिल्सचे चढ. सायकल सोडल्यावर पहिली दहा मिनिटं मांड्या दगडासारख्या होतात. तो अनुभव रेसच्या दिवशी पहिल्यांदा यायला नको.

नकाशाचं तर विचारूच नका. रेसमध्ये बराच वेळ तिथे वाया जातो आणि सरावात त्याच्याकडे कुणी बघत नाही. रामटेकच्या डोंगरावर मी एकदा चुकीच्या सोंडेवरून खाली उतरलो. नकाशा सॅकमध्ये होता, पाय उताराला लागले होते आणि थांबायचा कंटाळा आला होता. पुन्हा वर चढण्यात पाऊण तास गेला. तेव्हापासून नकाशा घडी घालून हातात ठेवतो, अंगठा आपण आहोत त्या जागेवर, आणि प्रत्येक फाट्यावर अंगठा पुढे सरकवतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीटवर, म्हणजे चढउतार दाखवणाऱ्या नकाशावर, २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. रेसचा नकाशा वेगळ्या प्रमाणाचा असू शकतो, म्हणून आधी प्रमाण वाचा. १०० मीटरला आपली किती पावलं पडतात तेही मोजून ठेवा. होकायंत्र भलतीच दिशा दाखवत असेल तर आधी मोबाइल त्याच्यापासून दूर करा.

होडीत खांदे लवकर भरून येत असतील तर तुम्ही हातांनी ओढताय. कंबरेतून वळा. खिंडसी तलावात दोन फेऱ्या मारल्या तरी फरक कळतो.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि आपण सराव करतो पहाटे. रेस दुपारपर्यंत चालणार असेल तर शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. थोडा सराव हळूहळू उन्हात सरकवा. सरावाआधी आणि नंतर वजन करा. १ किलो कमी भरलं तर साधारण १ लिटर पाणी कमी पडलंय. नुसतं पाणी ढोसू नका, मीठही हवं.

पावसाळी रेस असेल तर काळी माती लक्षात ठेवा. चाक आणि फोर्कच्या (चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) मध्ये ती अशी बसते की चाक फिरतच नाही. ढकलत राहिलात तर गिअरही जातो. सायकल खांद्यावर घ्या, काडीने माती काढा.

टाचेला चुरचुरलं की तिथेच थांबून टेप लावा, फोड यायची वाट बघू नका.

आणि जोडीदाराशी आधी बोला. ज्याच्यात दम जास्त, त्याने थकलेल्याची सॅक घ्यायची असते. रेसमध्ये सॅक मागायलाही संकोच वाटतो आणि द्यायलाही. एका रविवारी ती मुद्दाम एकमेकांकडे देऊन बघा.