सोलापुरातून खगोलशास्त्रात यायचं असेल तर

दहावी-बारावीचे निकाल लागले की दरवर्षी मला सोलापुरातून फोन येतात. कुणाच्या मुलीला 'स्पेस'मध्ये करिअर करायचं असतं, कुणाचा भाचा चांद्रयान-३ उतरताना बघून झपाटलेला असतो. मी सोलापुरातच बी.एस्सी. केलं, पुढे पुण्यात पीएच.डी. केली आणि आता दिवसभर दुर्बिणींनी जमवलेल्या डेटावर काम करते. त्यामुळे माझ्याकडून एखाद्या कोर्सचं किंवा कॉलेजचं नाव मिळावं, अशी अपेक्षा असते. मी आधी मुलालाच फोन द्यायला सांगते आणि विचारते, "आकाशाची एखादी नोंद लिहून ठेवली आहेस का? तारीख, वेळ, काय दिसलं?" बहुतेक जण नाही म्हणतात. मग मी तिथूनच सुरुवात करायला सांगते, कारण या क्षेत्रात शेवटपर्यंत तेच करायचं असतं. मोजायचं, लिहून ठेवायचं आणि लिहिलेलं दुसऱ्याला तपासू द्यायचं.

यानंतरचा प्रश्न ठरलेला, टेलिस्कोप कुठला घेऊ? माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष कुठलाच घेऊ नका. खोक्यावर 'पाचशे पट' छापलेले स्वस्त टेलिस्कोप तर मुळीच नको. भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरमागे साधारण दोन पट, एवढीच वाढ कामाची असते. म्हणजे ६० मिमीच्या दुर्बिणीतून १२० पटींच्या पुढे गेलं की चित्र नुसतं मोठं आणि धूसर होतं. त्याच पैशात १० x ५० ची चांगली बायनॉक्युलर येते. तीही सहा महिन्यांनी घ्या. आधी डोळे आणि वही.

आकाशाच्या बाबतीत आपण सोलापूरकर खरंच नशीबवान आहोत. पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणून शेतीचे जे हाल होतात ते होतातच, पण परतीचा पाऊस ओसरला की नोव्हेंबरपासून रात्रीमागून रात्री आकाश मोकळं मिळतं. शहर १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर दिसतो. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंशांची, म्हणजे दोन मुठींपेक्षा थोडा खाली. उत्तरेकडचं थोडं गमावतो, पण दक्षिणेकडचं भरपूर मिळतं. मे महिन्यात गच्चीवर अंथरूण घातलं की रात्री नऊ-साडेनऊला दक्षिण क्षितिजावर त्रिशंकू हा तारकासमूह उभा असतो. तासाभराने नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड तारकागुच्छ पंचवीस अंशांवर येतो. उत्तर युरोपातल्या हौशी निरीक्षकाला तो घरून कधीच दिसत नाही. जुळे सोलापूरच्या गच्चीवरून ठळक तारे पुरेसे दिसतात. आकाशगंगेचा पट्टा बघायचा तर नान्नज किंवा मंगळवेढ्याच्या बाजूला शेतात जा. हुरड्याला बोलावणं आलं तर रात्री मुक्कामालाच थांबा.

पहिली नोंद दिवसाउजेडी करा. सपाट जागी ओळंब्याने सरळ काठी उभी करा आणि साडेअकरा ते दीडपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूने टिपा. सावली बरोबर बाराला सर्वांत आखूड होत नाही, हे लगेच कळेल. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आणि सोलापूर सुमारे ७५.९ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून आपली मध्यान्ह सरासरी १२ वाजून २६ मिनिटांनी होते. सरासरी म्हणण्याचं कारण वर्षभर मोजल्यावर सापडतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह १२.१० च्या आसपास येते आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२.४० च्या. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, या दोन कारणांचा हा एकत्र परिणाम. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली काठीच्या बुडाशीच राहते. ऑगस्टमध्ये ढग असतात, तेव्हा मे सोडू नका. हा आलेख स्वतः काढलेली मुलगी पुढे कक्षांचं गणित शिकते तेव्हा तिला ते समीकरण परकं वाटत नाही.

रात्रीसाठी मी नेहमी काक्षी सुचवते, मृगातला तो तांबूस तारा, इंग्रजीत बेटेलज्यूज. तो रूपविकारी आहे, त्याचं तेज कमी-जास्त होतं, आणि ते मोजायला डोळे पुरतात. फेब्रुवारीत आठच्या सुमारास तो दक्षिणेला चांगला उंच असतो. पश्चिमेला रोहिणी, पूर्वेला प्रश्वा. ताऱ्याचं तेज 'प्रत' या आकड्यात सांगतात, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. प्रश्वाची प्रत ०.४, रोहिणीची ०.९. दहा-पंधरा मिनिटं अंधारात बसून डोळे सरावू द्या, मोबाइल खिशात ठेवा. मग प्रश्वा, काक्षी, रोहिणी असं आळीपाळीने बघा. काक्षी प्रश्वापेक्षा मंद आणि रोहिणीपेक्षा तेजस्वी वाटला, आणि दोघांच्या बरोबर मध्ये वाटला, तर प्रत ०.६ किंवा ०.७. रोहिणीकडे झुकलेला वाटला तर ०.८. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बघू नका. जितका वेळ बघाल तितका तो जास्त तेजस्वी भासत जातो, म्हणून झटकन नजर टाकायची आणि हलवायची. तारे शक्यतो सारख्या उंचीवर असताना तुलना करा, कारण क्षितिजाजवळची हवा प्रकाश खाते. वहीत तारीख, वेळ, अंदाज, कोणत्या ताऱ्यांशी तुलना केली, चंद्र होता का, धूळ होती का, हे सगळं लिहा. आणि अंदाज लिहिण्याआधी मागच्या आठवड्याचं पान उलटू नका, नाहीतर कालचाच आकडा आज दिसायला लागतो.

हे पोरखेळ वाटेल, म्हणून पुढचं सांगते. २०१९ च्या अखेरीस काक्षी मंद व्हायला लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याची प्रत १.६ च्या आसपास घसरली. मृगाचा आकारच ओळखू येईना. हा आता स्फोट होऊन फुटणार, अशा बातम्या आल्या. नंतरच्या अभ्यासातून चित्र स्पष्ट झालं. ताऱ्याने स्वतःचं बरंच द्रव्य बाहेर फेकलं होतं, ते थंड होऊन त्याची धूळ झाली आणि त्या धुळीने आपल्या बाजूचा प्रकाश अडवला. ही घसरण असाधारण आहे, हे खात्रीने म्हणता आलं ते जुन्या नोंदींमुळे. रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकी संघटना एएव्हीएसओ १९११ पासून जगभरातल्या हौशी लोकांचे असे अंदाज जमवते. तिथे तुमच्या गच्चीवरचा अंदाजही पाठवता येतो आणि व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ तो खरोखर वापरतात.

काक्षी अंगवळणी पडला की ययाती तारकासमूहातला अल्गॉल हा तारा घ्या. २ दिवस, २० तास, ४९ मिनिटांनी त्याची प्रत २.१ वरून ३.४ पर्यंत उतरते आणि सुमारे दहा तासांत पूर्ववत होते. एक मंद तारा दुसऱ्याच्या पुढून जातो म्हणून हे घडत असावं, असं १७८३ मध्ये यॉर्कच्या जॉन गुडरिकने सुचवलं. तो कर्णबधिर होता, वय अठरा आणि निरीक्षणं नुसत्या डोळ्यांनी केलेली. बारावीतल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते.

आपल्या जिल्ह्याचाही या इतिहासात वाटा आहे आणि तो आपल्याच लोकांना फारसा ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी करमाळा तालुक्यातल्या जेऊरला तळ पडले होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला तिथे वर्णपट टिपायला आले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेतून डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल चाळीस फुटी कॅमेरा घेऊन आले आणि त्यांनी सूर्याच्या करोनाची, म्हणजे ग्रहणात दिसणाऱ्या बाहेरच्या प्रभेची, छायाचित्रं घेतली. जानेवारीतली कोरडी, निरभ्र हवा आणि जवळ रेल्वे, या दोन्ही गोष्टी जेऊरला होत्या. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची, तयारी कित्येक आठवड्यांची. आजही हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाताना जेऊर स्टेशन लागतं. शाळेच्या सहलीत मुलांना तिथे उभं करून हे कुणीतरी सांगायला हवं.

आता शिक्षणाचं. शाळेत असाल तर एनएसईए, म्हणजे खगोलशास्त्र ऑलिंपियाडची पहिली पायरी, द्या. निवड होवो न होवो, त्या तयारीत गोलीय भूमिती आणि यामिकी पक्की होते. बारावीनंतर खगोलशास्त्राची वेगळी पदवी शोधत फिरू नका. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन सोलापुरात केलेली बी.एस्सी. पुरते, हे मी स्वतः त्या वाटेने आल्यामुळे सांगते. जमत असेल तर आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या राष्ट्रीय संस्था) किंवा तिरुअनंतपुरमची आयआयएसटी (अंतराळविज्ञानाची संस्था) हेही रस्ते आहेत. पहिल्याची वेगळी प्रवेश परीक्षा असते, दुसरीकडे बी.टेक.ला जेईई अॅडव्हान्स्डचा गुणक्रम लागतो. बी.एस्सी.नंतर एम.एस्सी.साठी जॅम, पुढे पीएच.डी.साठी जेस्ट, नेट, गेट या परीक्षा. पुण्यातल्या आयुका (खगोलशास्त्राचं आंतरविद्यापीठ केंद्र) आणि एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र) यांची स्वतःची एकत्र प्रवेश परीक्षाही आहे. त्यांत कृष्णविवरांच्या गोष्टी विचारत नाहीत. विद्युतचुंबकत्व, पुंजयामिकी, सांख्यिकी भौतिकी विचारतात, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची अडचण भौतिकशास्त्रापेक्षा प्रश्न इंग्रजीतून झरझर वाचण्यात असते. त्यावर उपाय एकच, पहिल्या वर्षापासून इंग्रजी पाठ्यपुस्तकातली गणितं स्वतः सोडवायची आणि गाइडला हात लावायचा नाही.

इस्रो आणि खगोलशास्त्र ही दोन वेगळी दारं आहेत, हे पालकांना समजावताना मला सर्वांत जास्त वेळ लागतो. उपग्रह आणि रॉकेट बांधायचं असेल तर इंजिनिअरिंग करा. इस्रोची शास्त्रज्ञ-अभियंता भरती मुख्यतः मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरमधून होते. आयटीआय झालेल्या फिटर, टर्नर, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक यांनाही तिथे तंत्रज्ञ म्हणून जागा निघतात, आणि सोलापूरसारख्या कारागिरांच्या शहरात ही माहिती प्रत्येक आयटीआयच्या फलकावर लागायला हवी. हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडिया उभारायला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या वेधशाळेला चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या लागतात. म्हणजे वेल्डिंगपासून लेझरपर्यंत हरतऱ्हेचे कुशल हात लागणार, आणि तेही महाराष्ट्रात.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत पायथन शिका. मग गाया या युरोपीय उपग्रहाचा डेटा उघडा. सुमारे १.८ अब्ज ताऱ्यांची मोजमापं आहेत, सगळ्यांना मोफत. माझी आवडती पहिली कसरत कृत्तिका या तारकागुच्छाची. त्या भागातले तारे मागवा, ज्यांचं लंबन (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा जेवढी सरकलेली दिसते तो कोन) ७.४ मिलिआर्कसेकंदांच्या आसपास आहे आणि जे आकाशात एकाच दिशेने एकाच गतीने सरकताहेत तेवढेच ठेवा. हजारला ७.४ ने भागलं की अंतर मिळतं, सुमारे १३५ पार्सेक, म्हणजे ४४० प्रकाशवर्षं. उरलेल्या ताऱ्यांचा रंग आणि तेज यांचा आलेख काढला की विखुरलेल्या ठिपक्यांतून एक बारीक, स्वच्छ पट्टा उमटतो. एकाच वेळी जन्मलेली भावंडं एका ओळीत उभी राहतात. हे पहिल्यांदा पडद्यावर उमटलं तेव्हा मी लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात आईला दाखवायला नेला होता. आदित्य-एल१ आणि अॅस्ट्रोसॅटचा डेटाही इस्रोच्या पोर्टलवर नोंदणी करून मिळतो.

घरचा प्रश्न टाळू नका. माझे वडील यंत्रमाग कारखान्यात होते. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरी, ह्यात पगार कधी सुरू होणार?" प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर आकड्यातच द्यायला हवं. जेआरएफ ही पीएच.डी. करतानाची संशोधनवृत्ती मिळाली की सध्या महिन्याला ३७,००० रुपये आणि पीएच.डी.ची फी बहुतेक त्यातूनच भागते. पण पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं लागतात, नंतर दोन-तीन तात्पुरत्या संशोधनवृत्ती, बऱ्याचदा परदेशात. कायम नोकरी तिशीच्या मध्यावर लागते आणि जागा थोड्या असतात. मध्येच वाट बदललेले माझे सहकारी डेटा सायन्समध्ये, हवामानाच्या मॉडेलिंगमध्ये, कॉलेजात शिकवण्यात आहेत आणि चांगलं काम करताहेत. हे सगळं आधीच कागदावर मांडून घरच्यांशी बोललात तर ते पाठीशी उभे राहतात.

उन्हाळी प्रकल्पासाठी आयुका, एनसीआरए, बंगळुरूची खगोलभौतिकी संस्था आयआयए यांच्या योजनांकडे जानेवारीपासून लक्ष ठेवा. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त आयुका आणि खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली असते, तेव्हा एकदा जाऊन या. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना प्रत्यक्ष बघितल्या की रेडिओ खगोलशास्त्र काय चीज आहे ते उमजतं. प्रकल्पासाठी शास्त्रज्ञांना मेल करताना 'मला लहानपणापासून ताऱ्यांची आवड आहे' असं लिहू नका, तसे मेल त्यांना रोज येतात. चार ओळी पुरेत. कुठे शिकता, कोणते विषय झाले, त्यांच्या कोणत्या शोधनिबंधातला कोणता भाग वाचला आणि काय अडलं. सोबत काक्षीचा वर्षभराचा आलेख किंवा कृत्तिकेचा पट्टा जोडा, आणि कोड कुठे ठेवलाय त्याची लिंक द्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, मग पुढच्या नावाकडे वळा.