ग्रुप आणि ॲक्सेस तपासणीआधीची तयारी

सर्वांत आधी एचआरकडून त्याच आठवड्याची कर्मचारी यादी मागवून ठेवा. सोडून गेलेले, कंत्राटी आणि बदली झालेले असे तिन्ही त्यात हवेत. जाणाऱ्याचं खातं कोणीतरी बंद करतंच. बदली झालेला मात्र जुन्या विभागाचे हक्क घेऊन नव्या टेबलावर बसतो. प्रत्येक ग्रुपपुढे (ग्रुप म्हणजे ठरावीक हक्क एकत्र मिळणाऱ्या खात्यांचा गट) मालकाचं नाव लिहा. मालक म्हणजे ज्या विभागाचा डेटा आहे तिथला प्रमुख, आयटीवाला नव्हे.

आता ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या, म्हणजे कंपनीची खाती, ग्रुप आणि मशीन एका जागी सांभाळणाऱ्या विंडोजच्या यंत्रणेतल्या, ग्रुपांच्या सदस्यांची यादी. डोमेनचे (या यंत्रणेखाली एकत्र असलेल्या खात्यांचे आणि मशीनचे) ग्रुप वाचायला साधं खातं सहसा पुरतं, त्यासाठी ॲडमिनचा पासवर्ड वाटत फिरू नका. यादी दोनदा काढा: एकदा साधी, एकदा रिकर्सिव्ह, म्हणजे ग्रुपच्या आतले ग्रुपही उघडणारी. साध्या यादीत 4 नावं दिसतात, त्यातलं एक नाव ग्रुपचंच असतं आणि त्याच्या पोटात अख्खी शाखा निघते. रिकर्सिव्ह यादी माणसं दाखवते, पण ती कोणत्या वाटेनं आत आली ते सांगत नाही. म्हणून दोन्ही लागतात. प्रायमरी ग्रुप (प्रत्येक खात्याला नेमलेला मुख्य ग्रुप) वेगळा तपासा, कारण युजर कोणत्या ग्रुपांत आहे ते सांगणाऱ्या 'मेंबर ऑफ' ॲट्रिब्यूटमध्ये तो येतच नाही. प्रायमरी ग्रुपचा क्रमांक एरवी 513, म्हणजे डोमेन युजर्स, असतो. 512 दिसला तर तो माणूस डोमेन ॲडमिन आहे, स्क्रिप्टच्या यादीत त्याचं नाव असो वा नसो.

न वापरलेली खाती 'लास्ट लॉगऑन टाइमस्टॅम्प'वरून (शेवटच्या लॉगिनच्या नोंदलेल्या तारखेवरून) शोधणार असाल तर ही तारीख 14 दिवसांपर्यंत मागे असू शकते हे धरून चाला.

डोमेन स्वच्छ निघालं तरी प्रत्येक मशीनचा लोकल ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुप, म्हणजे त्या मशीनपुरत्या ॲडमिनचा ग्रुप, उरतोच. बंद असलेले लॅपटॉप उत्तर देत नाहीत. त्यांची वेगळी यादी ठेवा, नाहीतर 'उत्तर नाही' हेच 'दोष नाही' म्हणून अहवालात जातं.

फोल्डरच्या बाबतीत शेअर (नेटवर्कवरून येणाऱ्यांसाठीच्या) आणि एनटीएफएस (डिस्कवरच्या फोल्डरलाच लावलेल्या) दोन्ही परवानग्या उतरवा. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतली कडक ती लागू होते, पण रिमोट डेस्कटॉपनं थेट सर्व्हरवर बसणाऱ्याला शेअरची अडवत नाही. इनहेरिटन्स तोडलेले, म्हणजे वरच्या फोल्डरच्या परवानग्या आपोआप न घेणारे, फोल्डर आधी बघा, घोळ बहुतेक तिथेच असतो. नावाऐवजी 'एस-1-5-21'ने सुरू होणारा आकडा दिसला तर खातं डिलीट झालेलं असेल; पण ट्रस्टमधलं (एकमेकांची खाती मान्य करायला जोडलेलं) दुसरं डोमेन पोहोचत नसलं तरी तसंच दिसतं, तेव्हा लगेच पुसू नका.

सिक्युरिटी लॉग (विंडोजची सुरक्षेची नोंदवही) भरला की जुन्या नोंदी पुसल्या जातात. ग्रुपात सदस्य घातल्याच्या 4728, 4732 आणि 4756 या क्रमांकांच्या नोंदी तपासणीच्या आधीच बाहेर काढून ठेवा.

कोणाला काढण्यापूर्वी ग्रुपच्या सदस्यांची सीएसव्ही फाइल जपून ठेवा आणि सर्व्हिस खाती (माणसं नव्हे, प्रोग्राम वापरतात ती) वेगळी करा. रात्रीचा बॅकअप बहुधा त्यांतल्याच एखाद्यावर चालतो. काढल्यानंतरही जुनं टोकन (लॉगिनच्या वेळी मिळालेली हक्कांची नोंद) चालू असतं, म्हणून त्या माणसाला लॉगऑफ करून पुन्हा लॉगिन करायला लावा आणि मगच फोल्डर उघडतो का ते बघा.