विमानातून ओझोन मोजताना या चुका टाळा : आकाशाआधी नळी तपासा

जमिनीवरच्या केंद्रातील ओझोनमापक आपल्या डोक्यावरच्या दोन-चार मीटरांतील हवा मोजतो. दुपारी शहरातील माणसाच्या श्वासातून आत जाणाऱ्या ओझोनपैकी बराचसा मात्र त्या दिवशी सकाळी काही शे मीटर उंचीवर वाट पाहत थांबलेला असतो आणि तो प्रत्यक्ष तिथे जाऊन मोजायचा तर विमान किंवा फुगा लागतो. नासाने जुलै २०११ मध्ये बाल्टिमोर-वॉशिंग्टन परिसरात डिस्कव्हर-एक्यू ही मोहीम राबवली, तेव्हा पी-३बी हे चार इंजिनांचे विमान मोजणीकेंद्रांच्या वर गिरक्या घेत चढत-उतरत होते आणि किंग एअर हे लहान विमान त्याहून बरेच वरून खालच्या हवेचे निरीक्षण करत होते. युरोपातील मोझेइक प्रकल्पाने याहून वेगळा मार्ग धरला. त्याने १९९४ पासून एअरबस ए-३४० या प्रवासी विमानांवरच उपकरणे बसवून मोजणी केली आणि आज आयागोस हा त्याचा वारसदार ते काम पुढे नेत आहे. हैदराबादला ये-जा करणाऱ्या विमानांमुळे दख्खनच्या पठारावरील ओझोनचे उभे आलेखही (उंचीनुसार ओझोन कसा बदलतो ते दाखवणारे) या नोंदींत जमा झाले आहेत.

असे आलेख काढताना किंवा वाचताना एखादा विचित्र उंचवटा दिसला की लगेच वातावरणविज्ञानातील कारण शोधण्याचा मोह होतो. माझे मत असे आहे की त्या क्षणी संशयाचा पहिला मान विमानाला, बाहेरची हवा उपकरणापर्यंत आणणाऱ्या नळीला आणि घड्याळाला द्यावा, कारण या तिघांच्या चुका आकाशातील खऱ्या घटनांसारख्याच दिसतात.

चढताना एक आलेख, उतरताना दुसरा

एकाच ठिकाणी, अर्ध्या तासाच्या आत, चढताना ओझोनचा थर १,२०० मीटरवर दिसला आणि उतरताना तोच थर १,०६० मीटरवर दिसला, तर थर खाली सरकला असे म्हणण्याची घाई करू नये. पाच मीटर लांबीच्या आणि आतून चार मिलिमीटर व्यासाच्या नळीत सुमारे ६३ मिलिलिटर हवा मावते; उपकरण मिनिटाला एक लिटर हवा ओढत असेल, तर बाहेरची हवा मापनकक्षात पोहोचायला जवळजवळ चार सेकंद लागतात. त्यावर उपकरण दहा सेकंदांची सरासरी देत असेल, तर आकडा छापला जातो तेव्हा तो सरासरीने आठ-नऊ सेकंद जुना असतो आणि मापनकक्ष पूर्ण धुतला जायला लागणारा वेळ त्यात आणखी भर घालतो. मिनिटाला १,००० फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे पाच मीटर या वेगाने चढणाऱ्या विमानात ही दिरंगाई पन्नास ते सत्तर मीटरांची होते. चढताना थर प्रत्यक्षापेक्षा वर दिसतो आणि उतरताना खाली, म्हणून दोन आलेखांतील अंतर दुप्पट होते.

उपाय सोपा आहे, तरी तो उड्डाणाच्या आधीच करावा लागतो. विमान जमिनीवर उभे असताना इनलेटच्या, म्हणजे बाहेरची हवा आत घेणाऱ्या नळीच्या, तोंडाशी ओझोनमुक्त हवा अचानक सोडावी, आकडा खाली येण्यास किती सेकंद लागले ते टिपावे आणि तेवढा वेळ सर्व नोंदींतून मागे न्यावा. जीपीएसचे घड्याळ आणि उपकरणाचे घड्याळ एकमेकांशी जुळलेले आहे का, हे त्याच वेळी पाहावे. घड्याळांतील दहा-वीस सेकंदांचा फरक कोणालाही क्षुल्लक वाटतो, पण त्याचे मीटर केले की तो क्षुल्लक राहत नाही. वेळ दुरुस्त केल्यावरही चढ-उताराचे आलेख जुळले नाहीत, तर मग खरोखर हवा बदलली असण्याची शक्यता विचारात घ्यावी.

हीच अडचण फुग्यांनाही चुकलेली नाही. भारतीय हवामान विभागाने पुण्याहून दीर्घकाळ ओझोनसाँड, म्हणजे फुग्याला बांधून वर पाठवायचे ओझोनमापक, सोडले आहेत आणि भारतीय बनावटीचा ओझोनसाँड घडवण्यात हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणी यांचा मोठा वाटा होता. अशा विद्युतरासायनिक उपकरणाची दिरंगाई वीसेक सेकंदांची धरली आणि फुगा सेकंदाला पाच मीटर चढतो असे मानले, तर शंभर मीटरांची धूसरता आलीच. त्यामुळे विमान आणि फुगा यांच्या आलेखांची तुलना करताना दोन्हींची दिरंगाई वेगवेगळी दुरुस्त करणे आवश्यक आहे.

प्रवासी विमानांच्या बाबतीत ‘उभा आलेख’ हा शब्दच थोडा फसवा आहे. तीन अंशांच्या उतारावरून ३,००० मीटर खाली येणारे विमान तेवढ्यात सुमारे ५७ किलोमीटर आडवे अंतर कापते, म्हणजे आलेखाचे वरचे टोक एका जिल्ह्यातले आणि खालचे टोक दुसऱ्या जिल्ह्यातले असू शकते. विमानाने शहराच्या वाऱ्याकडच्या बाजूने प्रवेश केला की वाऱ्याआडच्या बाजूने, हे प्रत्येक आलेखाबरोबर नोंदलेले असावे.

ढगातून किंवा थरातून बाहेर पडताना येणारी उडी

बहुतेक विमानांवर वापरली जाणारी उपकरणे २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाचे शोषण मोजतात. आधी नमुन्याची हवा, मग ओझोन काढून टाकणाऱ्या स्क्रबरमधून आलेली तीच हवा, आणि दोन्हींतून पार झालेल्या प्रकाशातील फरक म्हणजे ओझोन, असे हे तत्त्व आहे. फरक किती सूक्ष्म असतो याची कल्पना असावी : पंधरा सेंटिमीटर लांबीच्या कक्षात जमिनीलगतच्या दाबाला ६० पीपीबी ओझोन (हवेच्या एक अब्ज रेणूंत ओझोनचे ६०) असेल, तर प्रकाश लाखात केवळ २६ भागांनी कमी होतो. इतक्या बारीक हिशेबात कक्षाच्या भिंतीवर चढलेला पाण्याचा पातळ थरही ढवळाढवळ करतो. बाष्प स्वतः या तरंगलांबीचा प्रकाश शोषत नाही, परंतु स्क्रबर बाष्प धरून ठेवतो आणि नंतर सोडतो, त्यामुळे आर्द्रता झपाट्याने बदलत असताना नमुन्याची हवा व ओझोनमुक्त हवा यांचा ओलावा सारखा राहत नाही आणि प्रकाशातील तो फरक ओझोन म्हणून नोंदला जातो.

ही चूक विशेष घातक आहे, कारण ती नेमक्या नको त्या जागी घडते. जमिनीलगतचा दमट सीमास्तर संपून कोरडी हवा सुरू होते त्याच उंचीवर ओझोनचा खरा बदलही अपेक्षित असतो, म्हणून आलेखातील खोटी उडी अगदी शास्त्रशुद्ध दिसते. ओळखण्याची खूण अशी की, खोटी उडी आर्द्रतेच्या बदलाच्या दिशेबरोबर उलटते. चढताना तिथे टोक वर गेले आणि उतरताना त्याच उंचीवर खाली गेले, तर तो ओझोन नव्हे. मापनकक्षाच्या आधी नॅफिऑन या बाष्प आरपार जाऊ देणाऱ्या पदार्थाची नळी बसवली, तर दोन्ही हवांतील ओलावा सारखा होतो आणि हा दोष बराच आटोक्यात येतो. वणव्याच्या धुरात मात्र नॅफिऑन पुरत नाही; धुरातील काही सेंद्रिय संयुगे हाच अतिनील प्रकाश शोषतात आणि उपकरण ओझोन वाढवून सांगते. धुराच्या लोटांतून उडायचे असेल, तर नायट्रिक ऑक्साइडशी होणाऱ्या अभिक्रियेतील प्रकाश मोजणारे उपकरण निवडणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

स्वतःच्याच धुरात उडणे

इंजिनाच्या धुरातील नायट्रिक ऑक्साइड ओझोनला भेटताच त्याचे नायट्रोजन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन होते, म्हणजे ओझोन खाल्ला जातो. म्हणून इनलेट इंजिनाच्या आणि धुराड्याच्या पुढे, विमानाच्या अंगालगतच्या हवेपासून थोडे दूर असावे, आणि धावपट्टीकडे जाताना व उड्डाणाची वाट पाहत उभे असताना घेतलेल्या नोंदी सरळ वगळाव्यात. गिरक्या घेताना विमान स्वतःच्या मागच्या धुरातही सापडू शकते. दर गिरकीला त्याच दिशेला ओझोनमध्ये अरुंद खड्डा दिसत असेल आणि तिथेच नायट्रोजनची ऑक्साइडे उसळत असतील, तर कारण स्पष्ट आहे. खड्डा रुंद आणि सावकाश चढ-उताराचा असेल, तर मात्र जमिनीकडे पाहावे. अमेरिकेतील मेरिलँड राज्यातील एजवुडसारख्या केंद्रावर गिरकीचा काही भाग चेसापीक उपसागरावर आणि काही जमिनीवर येतो, आणि पाण्यावरील हवेतील ओझोन खरोखरच वेगळा असतो.

नळी टेफ्लॉनचीच घ्यावी. रबर किंवा साध्या धातूच्या नळीच्या भिंतीवर ओझोन नष्ट होतो. नवी टेफ्लॉनची नळीही सुरुवातीला ओझोन खाते, म्हणून वापरण्यापूर्वी तिच्यातून काही तास ओझोनयुक्त हवा सोडावी लागते. धूळ अडवणारा फिल्टर मळला की तोही तेच करतो आणि आकडे उड्डाणागणिक हळूहळू घसरत जातात. अशी घसरण दिसली, तर प्रदूषण कमी झाल्याचा आनंद मानण्यापूर्वी फिल्टर बदलून पाहावा. केबिनमध्ये दाब राखलेल्या विमानात आणखी एक धोका असतो : बाहेरचा दाब कमी असल्यामुळे सांध्यातील बारीकशा फटीतूनही केबिनची हवा नळीत शिरते. मोझेइकच्या उपकरणांत पंप मापकाच्या आधी बसवून नमुन्याचा दाब केबिनइतका वाढवला जाई, आणि त्या पंपात किती ओझोन नष्ट होतो याचा हिशेब वेगळा ठेवावा लागे.

पीपीबी आणि मायक्रोग्रॅम यांची गल्लत

समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअस तापमानात ६० पीपीबी ओझोन म्हणजे घनमीटरमागे सुमारे १२० मायक्रोग्रॅम. हीच हवा न बदलता ३,००० मीटरवर नेली, तर तिथल्या दाबाला व तापमानाला ते सुमारे ९० मायक्रोग्रॅम भरतात आणि १० किलोमीटरवर ४१ च्या आसपास. मायक्रोग्रॅममध्ये काढलेला आलेख त्यामुळे वर जाता जाता हवा स्वच्छ होत गेल्याचे दाखवतो, जरी अब्ज रेणूंतील ओझोनचा वाटा तसूभरही बदललेला नसला तरी. उंचीनुसार तुलना नेहमी पीपीबीमध्येच करावी. उपकरणाला मुळात कळते ते कक्षातील रेणूंची संख्या. तिचे पीपीबी करण्यासाठी कक्षातील दाब आणि तापमान लागते, केबिनचे किंवा बाहेरचे नव्हे. हा दाबमापक बिघडला, तर चूक उंचीबरोबर सुबकपणे वाढत जाते आणि म्हणूनच लवकर लक्षात येत नाही.

उंची कोणती, हेही लिहावे. दाबावरून काढलेली उंची प्रमाण वातावरण (उंचीनुसार दाब व तापमान कसे बदलतात याचा ठरलेला नमुना) गृहीत धरते आणि कडक उन्हाळ्यात ३,००० मीटरवर ती प्रत्यक्षापेक्षा दोनशे मीटरांनी कमी असू शकते. समुद्रसपाटीपासूनची उंची आणि जमिनीपासूनची उंची यांची सरमिसळ तर पठारी प्रदेशात महागात पडते : समुद्रसपाटीपासून १,००० मीटर म्हणजे मुंबईवर एक किलोमीटर, पण हैदराबादवर जेमतेम ४००-४५० मीटर. पहिली हवा सकाळी शहराच्या संपर्काबाहेर असू शकते, दुसरी तासाभरात खाली मिसळण्याजोगी असते.

आकडा बरोबर, अर्थ चुकीचा

उपकरण निर्दोष असूनही निष्कर्ष फसतो तो बहुधा वेळेमुळे. सूर्यास्तानंतर जमीन थंड होते, तापमानाची विपरितता (खाली थंड, वर उबदार हवा) निर्माण होते आणि जमिनीलगतची हवा वरच्या हवेपासून तुटते. खालचा ओझोन जमिनीवर व झाडांवर नष्ट होतो आणि वाहनांचा नायट्रिक ऑक्साइड उरलेला खातो; वर मात्र आदल्या दिवशीचा ओझोन जवळजवळ जसाच्या तसा राहतो. पहाटे जमिनीवर १५ पीपीबी आणि ६०० मीटरवर ६५ पीपीबी असे आकडे आले, की काहीजण विमानाचे उपकरण चुकले म्हणतात आणि काहीजण खालची हवा स्वच्छ म्हणतात. दोन्ही चूक. पहिली शंका फेडायची असेल, तर ओझोन आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांची बेरीज करून पाहावी. वाहनांनी ‘खाल्लेला’ ओझोन त्या बेरजेत पुन्हा दिसतो. सकाळी दहानंतर ऊन जमीन तापवते, सीमास्तर वर चढतो आणि तो वरचा साठा खाली ओढला जातो.

म्हणूनच केवळ दुपारी उडणे ही मोठी चूक आहे. दुपारी सगळे मिसळून गेलेले असते आणि शहराने किती निर्माण केले व वाऱ्याबरोबर किती आले, हे वेगळे करता येत नाही. मेरिलँडमध्ये सकाळच्या उड्डाणांना महत्त्व आले ते याचमुळे : पश्चिमेकडून, ओहायो नदीच्या खोऱ्यातील कोळशावरच्या वीजकेंद्रांच्या दिशेने आलेली हवा, आणि रात्री नैर्ऋत्येकडून जोरात वाहणाऱ्या कमी उंचीच्या झोताने आणलेली हवा, शहर जागे होण्याआधीच डोक्यावर सापडते.

याउलट चार-पाच किलोमीटरवर ओझोनचा जाड पट्टा दिसला, की स्थितांबरातील, म्हणजे वातावरणाच्या वरच्या ओझोनयुक्त थरातील, हवा खाली उतरली असे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा मोह. स्थितांबरातून आलेली हवा अतिशय कोरडी असते आणि तिच्यात कार्बन मोनॉक्साइड कमी असतो. प्रदूषणाच्या ओझोनबरोबर कार्बन मोनॉक्साइडही वाढलेला असतो. हे दोन वायू आणि बाष्प एकत्र मोजलेले नसतील, तर त्या पट्ट्याचे मूळ सांगण्याचे धाडस करू नये. प्रवासी विमानांच्या नोंदी वाचताना अक्षांशही ध्यानात घ्यावा. मध्य अक्षांशांत दहा-बारा किलोमीटरवरून जाणारे विमान पुष्कळदा तपस्तब्धी (खालचे तपांबर आणि वरचे स्थितांबर यांमधील सीमा) ओलांडून स्थितांबरात शिरते आणि तिथे ओझोन शेकडो पीपीबी असतो, तर उष्ण कटिबंधात तपस्तब्धी सोळा-सतरा किलोमीटरवर असल्यामुळे तेच विमान तपांबरातच राहते. फ्रँकफर्ट ते हैदराबाद अशा प्रवासातील सर्व नोंदींची एकच सरासरी काढली, तर ती कोणत्याच हवेचे वर्णन करत नाही.

विमानातील काही सेकंदांच्या आकड्याची तुलना प्रमाणमर्यादेशी करणेही टाळावे. भारतातील मर्यादा आठ तासांच्या सरासरीसाठी १०० आणि एका तासासाठी १८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, अमेरिकेतील आठ तासांसाठी ७० पीपीबी. ७५ पीपीबीच्या पट्ट्यातून तीस सेकंद उडणे म्हणजे मर्यादेचा भंग नव्हे. संशोधनाची उड्डाणे बहुधा ओझोन वाढण्याचा अंदाज असलेल्या, निरभ्र दिवशी ठरवली जातात, तेव्हा त्यांच्या सरासरीला ‘उन्हाळ्याची सरासरी’ म्हणू नये. त्या जागी विमानाच्या प्रत्येक उड्डाणाशेजारी त्याच तासाचा जमिनीवरच्या केंद्राचा आकडा ठेवावा आणि तो केंद्राच्या पूर्ण हंगामाच्या नोंदींत कुठे बसतो ते दाखवावे.