गुलाबाचे सुकलेले फूल नेमके कुठून कापावे

उमलून गेलेले फूल झाडावर तसेच राहिले की त्याच्या बुडाशी बोंड धरते आणि झाडाची ताकद बी पोसण्यात जाते, म्हणून पाकळ्या ढिल्या पडताच फूल काढावे. सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) धारदार असावे आणि प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसावे.

‘नुसती मुंडी खुडून टाका’ हा सल्ला मला पहिल्या वर्षी जळगावातल्या एका रोपवाटिकेत मिळाला आणि त्यापायी माझी चांगली कलमे गेली. मुंडी खुडल्यावर वर जो बोडका दांडा उरतो, त्यावर डोळा (नवी फूट जिथून निघते ती कळी) नसल्यामुळे फूट येत नाही. तो आधी तपकिरी, मग काळा पडतो आणि ते काळेपण हळूहळू खाली उतरत अख्खी फांदी घेऊन जाते. यालाच शेंडेमर म्हणतात. दांडा मागे ठेवणे ही गुलाबाच्या निगेतली सर्वांत महाग पडणारी चूक आहे, असे माझे ठाम मत आहे.

फुलाखालची पहिली एक-दोन पाने बहुधा तीन पर्णिकांची (एकाच देठावरच्या छोट्या पानांची) असतात आणि त्यांच्या बगलेतून किरकोळ फूट निघते. त्याखालचे पाच पर्णिकांचे असे पान शोधावे, ज्याच्या बगलेतला डोळा झाडाच्या बाहेरच्या अंगाला आहे. तो आत वळलेला असेल तर आणखी एक पान खाली यावे. डोळ्याच्या वर जेमतेम अर्धा सेंटीमीटर जागा सोडून, उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला राहील असा तिरपा काप द्यावा. कापलेला गर पांढरट दिसला पाहिजे. मधोमध तपकिरी ठिपका असेल, तर तो नाहीसा होईपर्यंत खाली कापत जावे आणि जाड फांदीच्या कापाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावी.

ही रीत फेब्रुवारीपर्यंतच. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा पाने हीच फांद्यांची सावली असते आणि ती गेली की साल भाजते. त्या दिवसांत फुलाखालच्या पहिल्याच पानाच्या लगत वर कापावे, म्हणजे दांडाही उरत नाही आणि पानेही टिकतात. मोठी छाटणी पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरमध्येच करावी.

बुंध्याभोवती केळीची वाळलेली पाने अंथरावीत. मात्र काळ्या जमिनीत पाणी साचू देऊ नये. कलमाच्या सांध्याखालून आलेली फूट, ज्यावर कलम बांधलेले असते त्या रानगुलाबाची असते, ती कापू नये, मुळापाशी माती उकरून ओढून काढावी. नीट कापलेल्या फांदीवर साधारण सहा-सात आठवड्यांत पुन्हा फूल येते.