प्रभाग समितीकडून गल्लीतलं काम कसं करून घ्यायचं

नाली तुंबली की लोक अर्ज घेऊन थेट आयुक्तांच्या दालनाबाहेर बसतात. खरं तर हा विषय प्रभाग समितीचा, म्हणजे शहराच्या एकेका भागासाठी असलेल्या महापालिकेच्या समितीचा. पाणी, ड्रेनेज, साफसफाई, पावसाच्या पाण्याचा निचरा यांच्या तक्रारी लवकर सोडवणं हे तिचं काम आहे, तसं महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९-अ मध्येच लिहिलंय.

आधी तुमच्या शहरात समिती आहे का, ते बघा. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत ती बंधनकारक केली. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर यांचा प्रश्नच नाही. परभणी २०११ च्या जनगणनेत ३,०७,१७० वर, म्हणजे जेमतेम बसते. जालन्याची महापालिका २०२३ मध्ये झाली खरी, पण तिथला जनगणनेचा आकडा तीन लाखांच्या आतला, त्यामुळे आधी चौकशी करा. बीड, धाराशिव, हिंगोलीकरांनी नगरपरिषदेचा रस्ता धरावा. आणि महापालिकेवर प्रशासक असेल तर समितीही नसते. संभाजीनगरनं २०२० पासून हे कित्येक वर्षं पाहिलंय.

समितीत त्या भागातले नगरसेवक आणि प्रभाग अधिकारी असतात. नगरसेवक आपल्यातूनच सभापती निवडतात. तुम्हाला सभेत बोलायला मिळेलच असं नाही, म्हणून विषय नगरसेवकानं मांडायला हवा. बहुसदस्यीय प्रभागात तीन-चार नगरसेवक असतात आणि काम एकमेकांवर ढकललं जातं. अर्ज सगळ्यांच्या नावानं करा, प्रत सभापती आणि प्रभाग अधिकाऱ्यांना द्या.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे काय मागायचं. अंदाजपत्रकात तरतूद असेल तर पाच लाख रुपयांपर्यंतच्या कामाला समिती स्वतः प्रशासकीय मान्यता आणि आर्थिक मंजुरी देऊ शकते. त्यावरच्या कामाची समिती फक्त शिफारस करू शकते. म्हणून जायकवाडी धरणाच्या पाइपलाइनसारख्या मोठ्या कामाचं गाऱ्हाणं तिथे मांडून सभेचा वेळ जातो, हाती काही लागत नाही. ‘आमच्या भागाचा विकास करा’ हा अर्ज तर फायलीत मरण्यासाठीच जन्मतो. त्यापेक्षा असं लिहा: ‘अमुक गल्लीत, अमुक घरापासून तमुक घरापर्यंत नाली फुटलेली आहे. कनिष्ठ अभियंत्यांकडून पाहणी करून एस्टिमेट तयार करावं आणि विषय प्रभाग समितीच्या पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा.’ सोबत फोटो आणि गल्लीतल्या लोकांच्या सह्या. आवक विभागात देऊन पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासह. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजा.

वेळही साधा. प्रभागाच्या खर्चाचे अंदाज आयुक्तांकडे जाण्याआधी समिती त्यावर शिफारस करते आणि अंदाजपत्रक मार्चअखेर मंजूर व्हायचं असतं. म्हणून दिवाळीचा फराळ संपला की अर्ज द्यावा. मार्चमध्ये गेलात तर ‘तरतूद संपली’ हेच उत्तर, आणि ते बऱ्याचदा खरंही असतं.

सभा झाली की इतिवृत्ताची प्रत मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अर्ज करा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ‘काम का झालं नाही?’ असं विचारू नका. कारणं विचारणारे अर्ज सहज फेटाळले जातात. ‘अमुक तारखेच्या सभेचं इतिवृत्त आणि माझ्या आवक क्रमांकावरील कार्यवाहीच्या नोंदींची प्रत’ मागा. उत्तराची मुदत ३० दिवस.

तुमची संस्था त्या भागात समाजकार्य करत असेल तर आणखी एक दार आहे. स्वयंसेवी आणि वस्तीपातळीवरच्या संस्थांमधले जास्तीत जास्त तीन जण नगरसेवक समितीवर नामनिर्देशित करू शकतात, फक्त ते तिथलेच मतदार हवेत. या जागांची चौकशी समिती स्थापन होत असतानाच करावी, एकदा भरल्या की मग नुसतं बघत बसावं लागतं.